फ्लेक्सवरचं तुझं मरण

करुणा, तुला नानानं फसवलं. तू गेल्यावर फसवलं, म्हणजे तुला उलट बोलता येणार नाही अशी वेळ गाठून. आणि तुझ्या संस्थेतल्या सरांनी त्याला ते करू दिलं. हे आधीच लिहून टाकते, कारण हा लेख वाचून कोणी हात जोडायला लागलं तर मला चालणार नाही. हात जोडून झालेत सगळ्यांचे.

तुझ्या सोसायटीच्या गेटवर तुझा फ्लेक्स लागलाय. फोटो तो कुठल्याशा परिषदेतला, इस्त्रीच्या साडीतला, ज्यात तू दात काढायला बसवल्यासारखा चेहरा केला आहेस. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘वटवाघळांच्या घातक आजारावर संशोधन करताना प्राणार्पण करणाऱ्या आमच्या लाडक्या डॉ. करुणाताईंना भावपूर्ण श्रद्धांजली.’ त्याखाली सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून नानाचं नाव आणि नानाचाही फोटो. तुझ्यापेक्षा थोडासाच लहान.

तू वटवाघळांच्या आजारानं गेली नाहीस. तुला डेंग्यू झाला होता. हे मला माहीत आहे, तुझ्या आईला, मावशींना माहीत आहे, तुझ्या सरांना माहीत आहे, आणि नानाला तर डॉक्टरांनी माझ्या शेजारी उभं असताना सांगितलं. तरीही फ्लेक्स लागला. मी फळवाली बाई आहे गं. पेटीतला वरचा थर गरजेपेक्षा चांगला दिसला की मी पेटी उलटी करून बघते. तो फ्लेक्स पाहिला तेव्हा मला पहिली आठवण त्याचीच झाली. रडू नंतर आलं.

आपण दोघी नाहूरच्या एकाच चाळीतल्या. माझे बाबा गिरणी बंद पडल्यावर गावाहून आंबे आणून विकायचे आणि मी त्यांच्यामागून पाटी घेऊन फिरायचे. तुझी आई युनिफॉर्म शिवायची. आपल्या दोघींत डोकं तुझं आणि तोंड माझं, अशी वाटणी चाळीतल्या बायकांनी लहानपणीच करून टाकली होती. तू शिकत गेलीस, जनावरांची डॉक्टर झालीस. मी मुलुंडला गाडी लावली, मग गाळा घेतला, मग शेजारचा गाळाही. त्यासाठी कुणाकुणाशी भांडले ते तुला तोंडपाठ होतं. पुढे तू माझ्या दुकानासमोरच्याच सोसायटीत घर घेतलंस तेव्हा मी म्हटलं, “बघ, डॉक्टर होऊनसुद्धा माझ्या नजरेखालीच राहणार तू.” तू म्हणालीस, “नजर राहू दे शैले, सीताफळं दाबून बघू देशील ना?”

तू नक्की काय काम करतेस ते मला बरीच वर्षं कळलंच नव्हतं. मला वाटायचं, जंगलातल्या बिबट्याला इंजेक्शन देत असशील. मग एका पहाटे मी मार्केटातून माल घेऊन आले तर तू सोसायटीच्या कोपऱ्यातल्या वडाखाली, तोंडाला मास्क, हातात मोजे, आणि जमिनीवर प्लॅस्टिक अंथरलेलं. वर शेकडो वटवाघळं पवईकडून परतून लटकायला लागली होती, कलकलाट नुसता. तू बोटाएवढ्या नळीनं प्लॅस्टिकवरचे थेंब उचलत होतीस.

“काय गं हे?”

“मूत.”

“कुणाचं?”

“वरच्या भाडेकरूंचं.”

“एवढं शिकलीस ते वटवाघळांचं मूत गोळा करायला?”

तू मास्कच्या आत हसलीस. मग मला समजावून सांगितलंस. रानातल्या प्राण्यांमध्ये कुठलातरी नवा आजार शिरतो, त्यांना तो काही करत नाही, पण तिथून माणसात आला की पळता भुई थोडी होते. दक्षिणेत तसा ताप वटवाघळांकडून आला होता. म्हणून आपल्याकडच्या झाडांवरही लक्ष ठेवायचं, अधूनमधून तपासायचं, म्हणजे काही शिरलंच तर आधी कळेल. मी विचारलं, “मग सापडलं का काही?” तू म्हणालीस, “आजवर नाही.”

ते ‘आजवर’ मला तेव्हाच खटकलं होतं. आपलं सगळ्यात मोठं भांडण त्याच शब्दावरून झालं, आठवतंय ना? सोसायटीच्या हॉलमध्ये तुझं भाषण ठेवलं होतं. तू सांगितलंस की पाखरांनी, वटवाघळांनी चावलेलं फळ खाऊ नका, झाडाखाली पडलेलं उचलू नका, फळं धुऊन घ्या. सगळं बरोबर. पण कोणीतरी विचारलं, “मॅडम, आपल्या वडावरच्या वटवाघळांना आजार नाही ना?” आणि तू म्हणालीस, “आजवर सापडलेला नाही. पण न सापडणं म्हणजे नसणं, असं मला म्हणता येणार नाही.”

दुसऱ्या दिवशी माझा गाळा ओस. चिकू, पेरू, सगळा मऊ माल तसाच पडून. बायका लांबूनच बघायच्या आणि सफरचंदवाल्याकडे जायच्या, जसं काही ती सफरचंदं फॅक्टरीत बनतात. मी तुझ्या दारात येऊन ओरडले होते. “एकदा सरळ ‘नाही’ म्हणायला काय जीभ झडत होती?” तू शांतपणे म्हणालीस, “खोटं कसं बोलू? तू नाही का सांगत, गोड निघेल याची गॅरंटी नाही म्हणून?” मी म्हटलं, “मी असं कधीच सांगत नाही! मी सांगते, साखर आहे, साखर!” मावशी आतून हसत होत्या. मला अजून राग होता, पण त्यांच्या हसण्यामुळे मला जिना उतरताना तोंड फिरवून हसावं लागलं.

तुला वाटायचं मी ते विसरले. नाही विसरले. आजही मला वाटतं की तू तेव्हा ‘नाही’ म्हणायला हवं होतंस. तुझा तो खरा, अर्धवट सोडलेला शब्द नानानं जपून ठेवला आणि त्याला हवा तेव्हा वापरला. तुझ्यासारखी माणसं वाक्य पूर्ण करत नाहीत, आणि उरलेलं वाक्य नानासारखे पूर्ण करतात.

नानाला तो वड का नको होता ते तुला माहीत होतं. सोसायटी नव्यानं बांधायची, आणि गाड्यांचा रॅम्प नेमका त्या कोपऱ्यातून उतरणार. पण वडाला हात लावायची नानाची छाती नव्हती. वटपौर्णिमेला अर्धं मुलुंड त्या झाडाला सूत गुंडाळतं. नानाच्या स्वतःच्या बायकोनं मीटिंगमध्ये सांगितलं होतं, “वड तोडलात तर मी माहेरी जाईन, आणि सात जन्मांचं आधीच रद्द करून जाईन.” बायकांची श्रद्धा मोडायची तर तिच्याहून मोठी भीती हवी. भीती कुठून मिळेल ते नाना शोधत होता, आणि तू मास्क लावून झाडाखाली बसलेली. त्यानं तुझे फोटो काढलेले मी पाहिलेत. तू म्हणालीस, “काढू दे गं, माहिती पसरते.” मला तेव्हाच संशय आला होता. तुला संशय यायचाच नाही कोणाचा. विषाणूंवर जेवढा संशय घ्यायचीस, त्यातला थोडा माणसांवर घेतला असतास तर?

वटपौर्णिमेच्या आधी तू माझ्या गाळ्यावर आलीस. मी अजून फुगून होते. तू म्हणालीस, “शैले, एक मदत हवी. वडाखाली बायका आंबे, फणसाचे गरे, जांभळं, करवंदं ठेवतात ना, ती तशीच राहतात. रात्री वरून वटवाघळं खातात, टाकतात, सकाळी मुलं, भिकारी उचलून खातात. तेवढं थांबवायचंय.”

“म्हणजे माझा सणाचा धंदा बंद करायचाय.”

“बंद नाही. फळं उघडी नकोत, आणि झाडाखाली राहायला नकोत. बायकांना सांगशील?”

“मी का सांगू? तू सांग, भाषण करतेस ना छान.”

“माझं ऐकत नाहीत. मी पूजा करत नाही, नवरा नाही, आणि वर बाबासाहेबांचा फोटो घरात. त्यांना वाटतं मी त्यांचा सण बुडवायला आलेय.”

हे तू हसत सांगितलंस, पण मला ते टोचलं. मी म्हटलं, “ठीक आहे. पण सौदा करायचा. तू उद्या संध्याकाळी, गर्दीच्या वेळी, माझ्या गाळ्यासमोर उभी राहून पेरू खायचा. धुऊन खा, पण सगळ्यांना दिसेल असा खा.” तू पेरू खाल्लास. वर चिकूही मागितलास, आणि कोणीतरी बाई बघत होती म्हणून मोठ्यानं म्हणालीस, “साखर आहे, साखर!” नकलाकार मेली.

मग मी माझं काम केलं. वाणाची फळं झाकणाच्या डब्यात भरली, डब्याला हळदीकुंकू लावलं, आणि बायकांना सांगितलं, यंदा अशीच पद्धत आहे, डबा झाडाला दाखवायचा, पूजा करायची, आणि घरी नेऊन कुटुंबाला खायला घालायचं, देवाचं दिलेलं रस्त्यावर टाकायचं नाही. कोणी विचारलं नाही की पद्धत कोणी ठरवली. सगळ्यांनी घेतले डबे. तू म्हणालीस, “आजारातसुद्धा धंदा करतेस तू!” मी म्हटलं, “तुझ्या भाषणानं किती जणींनी ऐकलं, आणि माझ्या डब्यानं किती जणींनी?” संध्याकाळी वडाखाली सुताशिवाय काही नव्हतं. तू ते बघत उभी राहिलीस. मला वाटतं तुझ्या नोकरीतलं ते सगळ्यात यशस्वी काम असेल आणि तुझ्या सरांच्या कुठल्याच अहवालात ते नसणार.

त्याच दिवशी तू मला आणखी एक सांगितलंस. म्हणालीस, वटवाघळांना हुसकावलं, झाड तोडलं, फटाके लावले, की ती घाबरतात, उपाशी पडतात, कमजोर होतात, आणि अंगात काही असलंच तर ते जास्त बाहेर टाकतात. शिवाय पांगून दहा ठिकाणी बसतात. “आहेत तिथं राहू द्यायची, आपण खाली नीट वागायचं. बास.” नाना तेव्हा बाजूलाच उभा होता. त्यानं मान हलवली होती. म्हणजे त्याला हेही माहीत आहे.

आता तुझ्या तापाबद्दल. इथे माझं तुझ्याशी भांडण आहे आणि ते मी सोडणार नाही.

गणपती येऊन गेले होते. सोसायटीच्या मागे नव्या इमारतीच्या पायासाठी खणलेल्या खड्ड्यात पाणी साचून हिरवं पडलं होतं. मी नानाला दोनदा बोलले होते, त्यावर औषध मारा म्हणून. तो म्हणाला, “बघतो शैलाताई, ठेकेदाराला सांगितलंय.” तू दुकानावर दिसली नाहीस तर मी फोन केला. तू म्हणालीस, “कामात आहे गं.” आवाज बसलेला. मी विचारलं, तर म्हणालीस, “घसा.” तुझ्या अंगात ताप फणफणत होता आणि तू मला घसा सांगितलास. नंतर मावशींनी सांगितलं, तू त्यांना बजावलं होतंस, “कोणाला सांगू नको. शैलाला तर मुळीच नको, ती कोणाशी तरी भांडायला जाईल.”

बरोबर होतं तुझं. गेले असते. पण तुला उचलून हॉस्पिटलमध्येही नेलं असतं.

तू कॉलनीतल्या डॉक्टरकडेही गेली नाहीस. मला वाटतं तुला भीती होती. वटवाघळांवर काम करणाऱ्या बाईला ताप आला असं एकदा बाहेर फुटलं की सोसायटी झाडावर तुटून पडेल, हे तुला कळत होतं. म्हणून तू ताप लपवलास. तूच हॉलमध्ये उभं राहून सांगितलं होतंस, ताप अंगावर काढू नका, लपवू नका, लवकर कळलं तर जीव वाचतो. आम्हाला सांगितलंस आणि स्वतः लपवलास. झाडासाठी? त्या उलट्या लटकणाऱ्या काळ्या भाडेकरूंसाठी? की आणखी कोणासाठी? हे मला विचारायचं होतं, आणि तू अशी निघून गेलीस की विचारता आलं नाही.

मावशींनी मला बोलावलं तेव्हा तुला उभं राहता येत नव्हतं. रिक्षात तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवलंस आणि म्हणालीस, “आता ओरडू नकोस.” मी ओरडले नाही. आयुष्यात पहिल्यांदा तुझं ऐकलं.

हॉस्पिटलमध्ये नाना आला, फळं घेऊन आला, आणि दुसऱ्या दुकानातून घेऊन आला, हेही मी बघितलं. डॉक्टर बाहेर आले तेव्हा आम्ही दोघं दारात होतो. ते म्हणाले, “डेंग्यू आहे. उशीर झालाय. त्यांच्या कामामुळे ती दुसरी तपासणीसुद्धा पाठवली होती. तसलं काही निघालं नाही.” नानानं विचारलं, “म्हणजे वटवाघळांचं नाही?” डॉक्टर म्हणाले, “नाही.” त्यांनी ‘आजवर’ वगैरे लावलं नाही. सरळ ‘नाही’. मला वाटलं, बघ करुणे, असं म्हणायचं असतं. तुला आत जाऊन सांगावं असंही वाटलं. आत सोडलं नाही.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लेक्स लागला. मरणाच्या बातमीआधी फ्लेक्स तयार असावा इतक्या लवकर. सोसायटीच्या ग्रुपवर तोच मजकूर, हात जोडलेली चित्रं, आणि त्याच्याखाली कोणीतरी विचारलंच, “मग आपल्याला धोका आहे का?” नानानं उत्तर दिलं नाही. उत्तर न देणं त्याला चांगलं जमतं. संध्याकाळपर्यंत वडाखालून जाणारी माणसं पलीकडच्या फुटपाथवरून जायला लागली. ज्या बायकांनी वडाला सूत गुंडाळलं होतं त्या नाकाला पदर लावून जाताना मी गाळ्यातून पाहिल्या. आठवड्याच्या आत वडाच्या खोडावर पालिकेचा कागद चिकटला. झाड आरोग्यास धोकादायक असल्यानं काढायचं आहे, हरकती असल्यास कळवाव्यात.

मी नानाला गेटवर गाठलं.

“नाना, फ्लेक्सवर खोटं लिहिलंय.”

“काय खोटं शैलाताई? संशोधन करत होत्या की नाही? गेल्या की नाही? आम्ही कुठं लिहिलंय कशानं गेल्या?”

“वाचणाऱ्याला काय कळतं?”

“वाचणाऱ्याच्या डोक्यात काय येतं त्याला मी काय करू? आम्ही मान दिलाय त्यांना. अहो, शहिदाचा मान.”

“तुमच्या खड्ड्यातल्या डासानं गेली ती. ते लिहा की मानानं.”

त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. “त्यांच्या संस्थेच्या मोठ्या सरांनी वाचलंय ते. ते काही बोलले नाहीत. तुम्ही का बोलताय?”

हे खरं आहे करुणा. तुझे सर आले होते. फ्लेक्सला हार घातला. माइक हातात घेऊन म्हणाले, “आमची एक योद्धा आघाडीवर पडली.” मी समोर उभी होते. भाषण संपल्यावर मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, सर, ती डेंग्यूनं गेली, हे तुम्ही माइकवर सांगा, नाहीतर हे झाड जाईल. ते म्हणाले, “कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय बाबींवर आम्ही जाहीर बोलत नाही. नियम आहे.” मी म्हटलं, “मग योद्धा कुठल्या नियमात बसते?” ते मोबाइल कानाला लावून गाडीत बसले. मोबाइल वाजलाच नव्हता. एवढं मला कळतं.

मी फ्लेक्स फाडणार होते. खरंच फाडणार होते, केळीचा घड कापायचा कोयता घेऊन निघालेही. मावशींनी मला थांबवलं. त्या रोज सकाळी खाली येऊन तुझ्या त्या दात काढल्यासारख्या फोटोला हात लावतात. म्हणाल्या, “नको शैला. माझ्या लेकीला एवढा मोठा शब्द दिलाय लोकांनी. तिच्या बापाला मेल्यावर कोणी मातीला आलं नव्हतं. खड्ड्यातल्या डासानं मेली असं सांगू का मी? एवढी शिकलेली माझी पोर, डासानं?”

दुकानात येईल त्याच्याशी भाव करते मी, पण ह्यावर माझ्याकडे भाव नव्हता. कोयता घेऊन परत आले.

मग तुझं पुण्यानुमोदन झालं. भन्तेजी आले, नाहूरची आपली जुनी माणसं आली, तुझे दोनचार सहकारी आले. मावशींनी सोसायटीतल्या प्रत्येक दारात जाऊन निरोप दिला होता. जेवण केलं होतं, खीर केली होती. सोसायटीतलं एकही माणूस आलं नाही. नाना गेटवर येऊन फ्लेक्सला नमस्कार करून गेला, जिना चढला नाही. दुपारी मावशी चहाचा ट्रे घेऊन शेजारच्या दारात गेल्या तर आतून आवाज आला, “नको काकू, आत्ताच झाला.” पुढच्या दारातही आत्ताच झाला होता. तुझ्या घरातल्या कपाला कोणी तोंड लावायला तयार नाही. धुणंभांडीवालीनं काम सोडलं. त्या ट्रे घेऊन माझ्यासमोर आल्या आणि मला विचारलं, “शैला, तिला हार घालतात. मग माझा चहा का घेत नाहीत गं?”

मी चहा घेतला. गार झालेला होता, सगळे कप मीच प्यायले. मग त्यांना समजावून सांगितलं, की तो मोठा शब्द आणि हा चहा एकाच माणसानं जोडलेत. फ्लेक्स वाचून लोकांना वाटतं घरात वटवाघळाचा आजार आहे. मग त्यांनी मला ते सांगितलं जे त्यांनी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

ताप चढला त्याच दिवशी तू सरांना फोन केला होतास. मला नाही, डॉक्टरला नाही, सरांना. मावशी स्वयंपाकघरात होत्या, त्यांना तुझीच बाजू ऐकू आली. तू म्हणालीस, “सर, मला ताप आहे.” मग गप्प. मग, “नाही सर, अजून कोणाला नाही सांगितलं.” मग पुन्हा बराच वेळ गप्प. आणि मग, “बरं सर.” फोन ठेवलास आणि मावशींना म्हणालीस, कोणाला सांगू नको.

करुणा, मी तुला झाडासाठी लपवलंस म्हणून शिव्या दिल्या. आठवडाभर मनातल्या मनात दिल्या, वर लिहिल्यातही. त्यातल्या अर्ध्या आता अडवून ठेवते. कारण मला कळत नाही तो निर्णय तुझा होता की तुला कोणी दिला. तू कोणाचं ऐकणारी नव्हतीस. माझं तर कधीच ऐकलं नाहीस. पण ज्यांना सर म्हणायचीस त्यांचं ऐकायचीस, शाळेत असल्यापासून. हाताखालची बाई तापानं फणफणलीय, तिनं विश्वासानं फोन केलाय, आणि पलीकडच्या माणसाला तिच्या तापापेक्षा बातमीची काळजी जास्त असेल, तर तो काय बोलेल? मला वाटतं मला माहीत आहे. पण मी तुझी मैत्रीण आहे, तुझ्यासारखंच बोलायला शिकते. सिद्ध झालेलं नाही. आजवर.

हरकतीची सुनावणी आहे. मी जाणार आहे. मावशी पण येणार आहेत. त्यांनी स्वतः फ्लेक्स उतरवला, मला शिडी धरायला लावली. गुंडाळून घरात ठेवलाय, फोटोची बाजू आत करून. वटपौर्णिमेचे डबे घेतलेल्या बायकांपैकी काही माझ्यासोबत येतायत, त्यांना मी तुझा डेंग्यू नीट समजावून सांगितलाय. नानाची बायको पण विचारत होती, कितीला निघायचं.

तुझी खूप आठवण येते, हे मी इथे लिहिणार नव्हते. तू असतीस तर म्हणाली असतीस, “एवढं चिडून लिहिलंस, आता एक ओळ प्रेमाची लिही.” ती ही. संपली. पेरू खाताना तू जशी उभी होतीस तशी मला रोज संध्याकाळी दिसतेस, आणि मी गिऱ्हाइकाला चुकीचं वजन करून देते.

आता तुझ्याशी नाही, तुझ्या सरांशी बोलते.

सर, तुम्ही हे वाचाल, कारण तुमच्या संस्थेत हे मासिक येतं, करुणानंच सांगितलं होतं. नियमाचं मला सांगू नका. तुमच्या माणसाचा आजार काय होता ते मी विचारत नाही, ते डॉक्टरांनी सांगितलंय आणि ते मी सुनावणीत सांगणारच आहे. मला दुसरं विचारायचंय. सुनावणीला या, तिच्या आईसमोर उभे राहा आणि त्या फोनवर तुम्ही तिला काय म्हणालात ते सांगा. तिची बाजू तिच्या आईनं ऐकली आहे. मधल्या गप्प जागा तुमच्या आहेत. करुणा ‘बरं सर’ कशाला म्हणाली, सांगा.